नाणं आहे, पुस्तक नाही

(दादरला नाणेसंग्राहकांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. बाहेरच्या फलकावर विषय लिहिलाय, 'दुर्मीळ नाणेग्रंथ आणि आपली ग्रंथालयं'. त्यातल्या ग्रंथालयांकडे मी येणार आहेच, खरं म्हणजे तेवढ्यासाठीच हे व्याख्यान मी स्वीकारलं. पण आधी ग्रंथाबद्दल थोडं बोलू द्या.

इथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरी एखादी तरी शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, असणार, त्यामुळे 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' कुठल्या बाजूला असतं हे सांगत बसत नाही. शिवराईचं एक बरं असतं, ती आपल्या लिपीत बोलते. चांदीचा रुपया तसा नाही. मराठ्यांचा रुपया हातात घ्या, त्यावर मुघल बादशहा शाह आलमचं नाव. मजकूर फारसी, पेशव्यांचं नाव कुठेही नाही. त्यात ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणजे टांकसाळीचं नाव बहुतेक वेळा काठाबाहेरच राहतं. पुण्याच्या रुपयावर 'मुहियाबाद', नाशिकच्या रुपयावर 'गुलशनाबाद', चांदवडच्या रुपयावर 'जाफराबाद उर्फ चांदोर' अशी नावं असतात खरी, पण तुमच्या वाट्याला त्यातली दोन-तीन अक्षरं येतात. बाकी सगळं खुणांवरून ओळखायचं. अंकुश दिसला की मनात आधी पुणं येतं. पण तो अंकुश कुठल्या सालचा? पेशवाई १८१८ साली गेली, पुण्याची टांकसाळ लगेच बंद पडली नाही. कंपनी सरकारने तोच अंकुशी रुपया पुढे काही वर्षं पाडला, फसली सन, म्हणजे महसुली कालगणनेचं साल, घालून. फसलीत ५९० मिळवा, इसवी सन येतो. १२३९ दिसलं तर तुमचा रुपया १८२९च्या आसपासचा, म्हणजे शेवटचे पेशवे बाजीरावसाहेब पुणं सोडून ब्रह्मावर्तास गेल्यानंतरचा. दिसायला सख्खे भाऊ, पण एक मराठ्यांच्या पुस्तकात शोधायचा आणि दुसरा कंपनीच्या.

कंपनीचं पुस्तक म्हणजे प्रिडमोर, लंडनला १९७५ साली निघालेला इलाख्यांच्या नाण्यांचा खंड. मराठ्यांचं पुस्तक म्हणजे महेश्वरी आणि विगिन्स यांचं 'मराठा मिंट्स अँड कॉइनेज'. ते १९८९ साली नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेने काढलं. आजही लिलावाच्या कॅटलॉगमध्ये मराठा रुपयाखाली 'महेश्वरी-विगिन्स, प्रकार अमुक' असं छापलेलं असतं. विकणाऱ्याने बघितलंय, घेणाऱ्याने बघितलेलं नाही, आणि बोली मात्र त्या आकड्यावर चढते. मला या व्यवहाराचा राग येतो. नाण्याची ओळख ज्या पानावर आहे ते पान घेणाऱ्याला दिसलंच पाहिजे.

म्हणून मी ते पुस्तक शोधायला निघालो. मुंबईत जुनं पुस्तक शोधायचे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत. हुतात्मा चौकाजवळचा फूटपाथ, मग माटुंग्याला किंग्ज सर्कलचे ठेले, मग चोर बाजारातली मटन स्ट्रीट. फूटपाथवर आता इंजिनिअरिंगच्या गाइडांचे आणि परीक्षांच्या पुस्तकांचे ढीग जास्त. तरी तिथल्या माणसांची स्मरणशक्ती पाहून मी थक्क होतो. एकाने वर्षभरानंतर मला हाक मारली, "तुमचं ते नाण्यांचं अजून आलं नाही हां." मटन स्ट्रीटवरच्या एका जुन्या व्यापाऱ्याचं उत्तर तर मला फार आवडलं. तो म्हणाला, "किताब मिलेगी तो पहले मैं पढूँगा साब, फिर ये रुपया तुमको इस भाव में नहीं मिलेगा." ग्रंथाची किंमत इतक्या थोड्या शब्दांत मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेली नाही. ठेवा लक्षात, पुढे उपयोगी पडेल.

अंजनेरीला का जात नाही, असं मला विचारतात. जातो, जायलाच हवं. पण रुपया इथे फोर्टात समोर येतो आणि व्यापारी संध्याकाळपर्यंत उत्तर मागतो. दर शंकेला कसारा घाट चढणं कुणाला जमणार?

मग एक जुनं ग्रंथालय. नाव सांगत नाही, आणि टाऊन हॉलमधलं ते नव्हे, हे आधीच सांगतो. तिथल्या कार्डांच्या खणात या पुस्तकाचं कार्ड होतं. सुबक हस्ताक्षरात टाइप केल्यासारखं लिहिलेलं, दाखल क्रमांकासकट. मी मागणीपत्र भरलं, तासाभराने ते परत आलं, 'जागेवर नाही'. पुढच्या खेपेला 'बांधणीला'. त्याच्या पुढच्या खेपेला कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. मी बांधणीची नोंदवही मागितली. ती आली, आणि तिच्यात हे पुस्तक नव्हतं. म्हणजे बांधणीला गेलं नाही, वाचकाकडे नाही, जागेवरही नाही. बरं, गहाळ म्हणून नोंद करा म्हटलं, तर तेही करायचं नाही, कारण गहाळ दाखवलं की वसुलीचा प्रश्न निघतो. त्या कर्मचाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांच्या पगारातून पुस्तकाची किंमत कापली जाईल या भीतीने तो माणूस गप्प बसतो. पण परिणाम काय होतो बघा. जे पुस्तक गेलंय ते कागदोपत्री आहे, आणि आहे म्हणून दुसरी प्रत मागवता येत नाही. कार्ड मात्र त्या खणात सुखाने राहतं. ग्रंथालयं दरवर्षी पडताळणी करतात ती कपाटांची करतात, की यादीची, हा प्रश्न मी त्यांच्या सर्वसाधारण सभेतही विचारला होता, सभासद म्हणून.

शेवटी पुस्तक मिळालं ते गिरगावातल्या एका चाळीत. एका जुन्या संग्राहकांच्या पश्चात त्यांची नाणी विकायची होती, म्हणून निरोप आला होता. मी पोचलो तोवर नाणी गेली होती. व्यापारी एका दुपारी येऊन वजनावर आणि प्रकारावर सगळी घेऊन गेला. पुस्तकं माळ्यावर, दोन गोणपाटांत. काकू म्हणाल्या, "रद्दीवाल्याला सांगितलंय, रविवारी येतो." पहिल्याच गोणीत महेश्वरी-विगिन्स. आणि नुसतं पुस्तक नव्हे! जवळजवळ प्रत्येक प्रकारासमोर पेन्सिलीने वजन लिहिलेलं, ग्रॅममध्ये, दोन दशांशांपर्यंत. कुठल्या सराफाकडे पाहिलं तेही लिहिलेलं. एका ठिकाणी प्रश्नचिन्ह आणि खाली 'साल पुन्हा वाचावे'. त्या माणसाने आयुष्यभर हातातून गेलेला प्रत्येक रुपया त्या समासात मोजून ठेवला होता. काकूंना ते दाखवलं तेव्हा त्यांचा विचार बदलला. "मग विकत नाही," म्हणाल्या, "तुम्ही इथे बसून वाचा." मी बसून वाचलं. चहा झाला, जेवणही झालं. ग्रंथ आजही त्यांच्याकडे आहे, माळ्यावरून खाली आला आहे.

आता यात माझं दुःख सांगतो. त्या घरातली नाणी एका दुपारी विकली गेली, कारण त्यांना बाजार आहे. त्या नाण्यांची सगळी माहिती किलोच्या भावाने जाणार होती. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या या छंदातली जुनी माणसं एकेक करून गेली. त्यांच्या गोण्यांमध्ये काय होतं?

थोडं विषयांतर करतो, रेव्हरंड अॅबट यांच्यासाठी. त्यांनी शिवराई प्रकारची हजारो नाणी गोळा करून त्यांवरच्या अक्षरांचे भेद नोंदवले. ठसा करणाऱ्याने 'शिव', 'सिव', 'सीव' असं नाव कसकसं कोरलं ते एकेक नाणं पाहून मांडलं, आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापलं. शंभरावर वर्षं झाली. नाशिकजवळच्या जोगळटेंभीचा नाण्यांचा साठा घ्या. १९०६ साली सापडला, क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर नाणी, त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. त्यानंतर दोनच वर्षांनी ब्रिटिश म्युझियममधल्या सातवाहन आणि क्षत्रप नाण्यांचा रॅप्सनचा कॅटलॉग आला, १९०८. हे सगळं मी आज लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर वाचतो, कारण त्यांचा कॉपीराइट संपला आणि कुणीतरी पानं स्कॅन करून ठेवली. सातकर्णीचं पुस्तक खिशात आहे आणि नाना फडणवीसांच्या काळचं माळ्यावर आहे! स्वातंत्र्यानंतरच्या चार-पाच दशकांत आपल्या लोकांनी जे ग्रंथ केले, छोट्या आवृत्त्या काढून, बहुतेक पदरमोड करून, ते नेमके मध्ये अडकले आहेत. नव्याने छापले जात नाहीत, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट चालू असल्यामुळे मोकळेही होत नाहीत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, म्हणजे आता जे सांगायला आलो ते भराभर सांगतो.

कॉपीराइटला माझा विरोध नाही. लेखकाचा हक्क राहिलाच पाहिजे. पण आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात एक तरतूद आहे आणि ती कुणी वापरत नाही. एखादं पुस्तक भारतात विक्रीला उपलब्ध नसेल, तर ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुखाला आपल्या ग्रंथालयासाठी त्याच्या तीनपर्यंत प्रती करून घेता येतात. तीन! परवानगीसाठी कुठे धावायला नको. आणि मूळ प्रत ग्रंथालयाच्या मालकीची असावी अशी अट त्यात नाही. म्हणजे गिरगावच्या काकूंनी आठवडाभरासाठी प्रत दिली, तर ग्रंथालयात नीट बांधलेली प्रत येते आणि काकूंचा ग्रंथ पेन्सिलीच्या नोंदींसह त्यांच्या घरी परत जातो. २०१२च्या दुरुस्तीने आणखी एक सोय झाली. छापील प्रत ग्रंथालयाकडे आधीच असेल, तर जतनासाठी तिची इलेक्ट्रॉनिक प्रत साठवता येते.

दुसरा कायदा १९५४चा, ग्रंथप्रदानाचा. भारतात पुस्तक निघालं की प्रकाशकाने तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रत पाठवायची. त्या तिनांतलं एक आपल्याच टाऊन हॉलमध्ये आहे, मध्यवर्ती ग्रंथालय. त्यामुळे दुर्मीळ पुस्तकाचा शोध तिथून सुरू करावा. पण एका प्रतीवर अख्ख्या राज्याचं भागत नाही, कोल्हापूरच्या संग्राहकाने ती बघायला रात्रीची गाडी पकडावी का? म्हणून जिल्ह्याजिल्ह्याच्या ग्रंथालयांनी कलम ५२ वापरावं.

पद्धत सोपी आहे. आधी प्रकाशकाला पत्र. तो पुन्हा छापणार असेल तर याहून चांगलं काही नाही, आपण सगळे विकत घेऊ. नाही म्हणाला, तर ते उत्तर फाइलला लावायचं आणि प्रती करायच्या. एक आग्रह मात्र आहे, झेरॉक्स नको. आपल्यात फिरणाऱ्या झेरॉक्स प्रती तुम्ही पाहिल्या आहेत, मजकूर वाचता येतो आणि नाण्यांचे फोटो काळे डाग होऊन बसतात. नाणेग्रंथाचा जीव त्या फलकांत, म्हणजे नाण्यांच्या फोटोंच्या पानांत, असतो. स्कॅन मूळ आकारातच हवं, कारण आपण पानावर रुपया ठेवून ताडून बघतो. आणि समासातल्या नोंदी पुसायच्या नाहीत, त्यांच्यासकट स्कॅन करायचं.

खर्चाचं सांगायला आता वेळ नाही, पण एका बऱ्या शिवराईच्या किमतीपेक्षा तो फार नाही. तेवढा आपल्या वर्गणीतून निघेल, आणि ग्रंथालयाकडे विनंतीपत्र घेऊन जायला मी स्वतः येईन.

बाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. तुमच्याकडे न मिळणारा नाणेग्रंथ असेल तर तिच्यात लिहा. नाव-पत्ता आज नको. फक्त ग्रंथ कुठला, साल कोणतं, आणि फलकांची पानं पूर्ण आहेत का, तेवढं. फलक घरी जाऊन मोजा आणि मग लिहा, कारण जुन्या बांधणीतून सगळ्यात आधी तीच पानं सुटतात.