वद्य द्वादशीची रात्र आणि जिताडा

रायगडातली धरमतरची खाडी. दिवेलागण होऊन गेली आहे. गळ, नायलॉनची दोरी आणि जिवंत कोळंबीची बादली घेऊन माणसं बांधावरून उघाडीकडे, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराकडे निघाली आहेत. त्यांना हवा आहे जिताडा, खाडीतला शिकारी मासा.

नुसता काळोख पाहून इथे कुणी गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला येत नाही. आधी तिथी बघायची. अमावास्या-पौर्णिमेला या किनाऱ्यावर बाराच्या सुमारास भरती पूर्ण होते आणि पुढे रोज साधारण पाऊण तास मागे पडते. म्हणून तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ हाती येते. द्वादशीला नऊ. खाडीत आत जाल तसा थोडा उशीर धरायचा.

अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, पाणी सुस्त असतं. ऐन उधाणाला, अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, ओढ इतकी, की दोरीचं शिसं तळाला ठरत नाही. वद्य द्वादशी या दोन्हींच्या मधली, शिवाय चंद्र उगवतो पहाटेकडे. माझ्या मते गरवायला याहून चांगली रात्र नाही.

नऊनंतर पाणी उतरू लागतं. खारफुटीत शिरलेली कोळंबी आणि बोयट माशाची पिल्लं त्या पाण्याबरोबर बाहेर येतात आणि जिताडा उघाडीच्या तोंडाशी, ओढीच्या कडेला दबा धरून असतो. सुकतीचे, म्हणजे ओहोटीचे, पहिले दोन-तीन तास त्याच्या खाण्याचे. पाणी थांबलं की तोही थांबतो.

आमिष म्हणून जिवंत कोळंबीच घ्यावी. ती मुळात रात्रीच हिंडते. गळ शेपटीजवळून ओवायचा. डोक्यातल्या काळ्या ठिपक्याला टोचलं तर ती लगेच मरते आणि मेलेल्या कोळंबीकडे जिताडा सहसा वळत नाही. बांगड्याचा तुकडा लावलात तर वासावर शिंगाळा मासा येईल. त्याचे काटे विषारी, अंधारात हाताने सोडवू नका.

बॅटरीचा झोत पाण्यावर मारायचा नाही. मासा वर घेताना मात्र उजेड लागतोच, तेव्हा जिताड्याचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात.

जिताडा आधी नर असतो, काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी अंडी घालतात त्या याच मोठ्या माद्या. असा मोठा, अख्ख्या हाताएवढा लांब जिताडा लागला, तर ओल्या हातांनी गळ काढून त्याला पाण्यात सोडा, ही कळकळीची विनंती. घरच्या कालवणाला त्याहून लहान मासा पुरतो.