सातशे रुपयांची वाढ

श्रोतेहो, नमस्कार. पहिल्या पाळीला निघालेले, रात्रपाळी करून आत्ताच घरी टेकलेले, सगळ्यांना नमस्कार.

सरकारने उद्या प्रत्येकाला, नोकरी असो वा नसो, आरोग्य विमा दिला तर युनियनच्या कामगाराचं काय? भांडून मिळवलेलं मेडिक्लेम, म्हणजे कंपनीने काढून दिलेला आरोग्य विमा, हातचं जाईल का? भोसरी, पिंपरी, चाकण, मी जिथे जातो तिथे हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. मी एकतीस वर्षं कारखान्यात काढली, त्यातली बारा युनियनचा सरचिटणीस म्हणून. माझं उत्तर एका माणसाच्या हकिगतीतून आलंय, म्हणून आधी ती ऐका.

साल 2014. गणपती आठवड्यावर आले होते आणि चौदा महिने रखडलेला आमचा करार एकदाचा झाला. पहिल्या टप्प्यात अडीच हजारांची वाढ. गेट मीटिंग झाली, गुलाल उडाला, पेढे वाटले. गेट मीटिंग ही गेटवरच झाली पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. आता मोबाइलवर दोन ओळी टाकून करार कळवतात. त्यात समोरच्याचा चेहरा दिसत नाही. मला त्या दिवशी एक चेहरा दिसला होता. प्रेसशॉपमधला आमचा एक सहकारी, वीस वर्षांचा जुना माणूस, हातात पेढा तसाच धरून उभा होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो माझ्याकडे आला. डबा उघडला नव्हता. म्हणाला, "अण्णा, एक विचारू? माझ्या वाढीतले सातशे रुपये कमी करता येतील का?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. बारा वर्षांत माझ्याकडे पगार वाढवून मागायला शेकडो लोक आले. कमी करून मागायला आलेला हा एकटाच.

त्याने खिशातून कागद काढला, त्यावर पेन्सिलीने हिशेब मांडला होता. जुना पगार 13,200. नवा 15,700. आणि ईएसआयची, म्हणजे पगारातून वर्गणी कापून चालणाऱ्या कामगारांच्या सरकारी विम्याची, पगारमर्यादा तेव्हा होती 15,000. म्हणजे सातशे रुपयांनी तो ईएसआयच्या बाहेर पडत होता. त्याच्या बायकोचं, आमच्या वहिनींचं, आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं, ते ईएसआयच्या कार्डावर. त्यासाठी त्याच्या पगारातून दरमहा कापले जात होते 231 रुपये. पुन्हा सांगतो, 231 रुपये महिना, आणि त्यात बायकोचा जीव चालला होता.

मी व्यवस्थापनाकडे गेलो. करार सगळ्यांना सारखा, एकट्याचा पगार कमी लावता येत नाही, असं उत्तर मिळालं. त्यांचंही चूक नव्हतं. चूक आमची होती. वाटाघाटीत चौदा महिने बसलेल्या आम्हा सात जणांपैकी एकानेही मर्यादा पार करणाऱ्यांची यादी काढली नव्हती. नंतर काढली, ती चाळीस नावांची निघाली.

ईएसआय लगेच बंद होत नाही, हे त्यातल्या त्यात बरं. एप्रिल ते सप्टेंबर वर्गणी भरली की त्याचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. त्यामुळे जून 2015 पर्यंत कार्ड चाललं. जुलैपासून कंपनीचं मेडिक्लेम. कुटुंबाला मिळून दोन लाख. डायलिसिसला एका वेळेचे दीड हजारांच्या आसपास, त्यात डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडायचं, फिस्टुलाचं ऑपरेशन, मग न्यूमोनिया होऊन दहा दिवस दवाखान्यात. फेब्रुवारीत दोन लाख संपले. नवीन पॉलिसी जुलैत. मधले पाच महिने?

राज्याची जीवनदायी योजना तेव्हा होती, पुण्यातही सुरू झालेली होती. पण ती पिवळ्या आणि केशरी कार्डावर. कुटुंबाचं उत्पन्न लाखाच्या वर गेलं की कार्ड पांढरं, आणि याचं पांढरं होतं. पांढऱ्या कार्डाचा माणूस, ज्याने वर्षभरात बायकोचं मंगळसूत्र सोडून घरातलं सगळं सोनं मोडलं होतं. आम्ही प्रत्येकाने एक दिवसाचा पगार दिला. कंत्राटी पोरांनीही दिला, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते पाच महिने निघाले. जुलैत पॉलिसी नवी झाली, आणि विमा कंपनीने हप्ता वाढवून मागितला. पुढच्या कराराला बसलो तेव्हा व्यवस्थापनाने तो वाढीव हप्ता आमच्याच वाढीच्या रकमेतून वळता करून दाखवला.

जानेवारी 2017 मध्ये ईएसआयची मर्यादा 21,000 झाली. तो परत आत आला. काही महिने खेटे घातले आणि वहिनींचं डायलिसिस पुन्हा कार्डावर सुरू झालं. त्यानंतरच्या वाटाघाटींना मी बसलो तो 21,000 हा आकडा समोर ठेवून. पगार जास्त मागायला घाबरणारा सरचिटणीस! विमा नोकरीला आणि पगाराला बांधला की युनियनची ही गत होते. मला तेव्हा लाज वाटली होती आणि आजही वाटते.

आता मूळ प्रश्न. सर्वांना सरकारी विमा मिळाला तर आपलं काय जाईल आणि काय येईल? दवाखान्याचा खर्च वाटाघाटीच्या टेबलावरून उतरेल, हे पहिलं. आज करारात मेडिक्लेमची रक्कम, आईवडिलांचा हप्ता, खोलीभाड्याची मर्यादा यांवर जी रात्र रात्र जाते, ती पगार, सुरक्षितता आणि कंत्राटी मुलांना कायम करण्याकडे वळेल. पण लक्षात ठेवा, कंपनीचा वाचलेला हप्ता आपोआप पगारात येत नाही. तो करारात लिहून घ्यावा लागतो. पुन्हा सांगतो: वाचलेला हप्ता लिहून घ्यावा लागतो. आणि मराठीत लिहून घ्या. करार इंग्रजीत छापायचा आणि सही मराठी माणसाची घ्यायची, ही रीत मोडली पाहिजे.

काही भाग तर आलेलाच आहे. जुलै 2024 पासून महात्मा फुले योजनेत, म्हणजे त्याच जुन्या जीवनदायीत, कार्डाच्या रंगाची अट राहिली नाही, कुटुंबाला वर्षाला पाच लाख. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, केंद्राच्या आरोग्य विम्याचं आयुष्मान कार्ड. म्हणजे आईवडिलांच्या हप्त्याची आपली जुनी मागणी निम्मी तरी हलकी झाली. अजून मागणीपत्रं जुनीच उतरवून काढली जात असतील तर ती बदला.

आणि जे जाऊ द्यायचं नाही ते नीट ऐका. या योजना दाखल झालेल्या माणसाचा खर्च देतात. कामगार आजारी पडून घरी बसला तर त्याच्या चुलीचं काय, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. ते ईएसआयकडे आहे. आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के, कामावर अपघात झाला तर नव्वद टक्के. इलाज वेगळा आणि बुडालेला पगार वेगळा. सर्वांसाठी विमा आला म्हणून ईएसआय गुंडाळायची भाषा कुणी केली तर तिथे मात्र युनियनने पाय रोवून उभं राहावं. रोजच्या गोळ्याऔषधांचंही तसंच, दाखल न होता घेतलेल्या इलाजाचा खर्च या योजनांत बसत नाही. मी तर म्हणतो, महापालिकेचे दवाखाने रात्री नऊपर्यंत उघडे हवेत. दुसरी पाळी करणाऱ्याने सकाळी जावं म्हणता, पण बाई कारखान्यात असेल तर पोराला शाळेत सोडून, स्वयंपाक करून ती कधी जाणार?

आमचा तो सहकारी 2022 मध्ये निवृत्त झाला. शेवटचा पगार 20,800. दोनशे रुपयांनी मर्यादेच्या आत. वाढीतला उरलेला भाग आम्ही सुट्ट्यांमध्ये आणि कँटीनमध्ये घेतला होता, मुद्दाम. निवृत्तांना वर्षाला 120 रुपये भरून ईएसआयमध्ये नवराबायकोचा इलाज चालू ठेवता येतो. तो ते भरायला दरवर्षी स्वतः जातो, आणि पावती मिळाली की मला फोन करतो.

नमस्कार.