पिवळी लाइट लागली, आता पुसू नका

जुलैची सकाळ, रात्रभर पाऊस, सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी चालू केली तर इंजिन लंगडतंय, आणि मीटरमध्ये ती पिवळी चेक इंजिन लाइट चक्क ब्लिंक होतेय. शेजारचे काका छत्री घेऊन हजर. "अरे बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेव, जाते लाइट."

जाते, खरंय. पण लाइटबरोबर पुरावाही जातो ना काका.

आधी एक सांगतो, लाइट नुसती लागून राहिली आणि गाडी नीट चालतेय तर हळूहळू घरी जाता येतं, पण ब्लिंक होत असेल तर गाडी मिसिंग करतेय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये, आणि ते न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरच्या धूर साफ करणाऱ्या डब्यात, जाऊन तिथे जळतं आणि तो महागडा पार्ट कायमचा जाऊ शकतो. म्हणून इंजिन लगेच बंद केलं.

स्टेअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, १६ पिनांचं एक सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ते सक्तीचं झालं, आपल्याकडे ओबीडी टू, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड तपासून कोडमध्ये नोंदवायची ही पद्धत, आली एप्रिल २०१३ पासून. त्यात काडेपेटीएवढा ब्लूटूथ स्कॅनर खोचायचा, काही शे रुपयांत मिळतो, मोबाइलवर अ‍ॅप, चावी ऑन, इंजिन बंदच.

बिघाडाचा कोड आला पी०३०३. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सकडचं काम, ०३ म्हणजे इग्निशन किंवा मिसिंगची भानगड, शेवटचा ३ म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर. पण कुठला पार्ट घ्यायचा हे कोड सांगत नाही हो! पी०१७१ आला, म्हणजे हवा जास्त पेट्रोल कमी, की लोक लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलतात, तो बिचारा नुसती तक्रार सांगत असतो आणि फाटलेला असतो कुठलातरी व्हॅक्यूम पाइप.

कोडच्या खाली फ्रीझ फ्रेम असते, म्हणजे बिघाड झाला त्या क्षणाचा फोटोच समजा. आमच्यात होतं: कूलंट २७ डिग्री, आरपीएम ८५० च्या आसपास, स्पीड शून्य. म्हणजे इंजिन थंडगार, नुकतंच चालू केलेलं. याचा स्क्रीनशॉट काढला, आणि मगच कोड क्लिअर केला.

मग बोनेट उघडून दहा नंबरच्या सॉकेटने तीनची कॉईल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी करंट देणारा भाग, काढली, दोनची काढली, आणि अदलाबदल करून बसवल्या. कनेक्टरचं प्लास्टिकचं लॉक जपून दाबा, उन्हापावसाने ते पापडासारखं झालेलं असतं. वायरी उंदरांनी कुरतडल्यात का तेही तिथेच बघून घ्या, पावसाळ्यात गाडीत बिऱ्हाड करतात. गाडी चालू केली. पुन्हा थडथड, पुन्हा ब्लिंक, पण आता कोड पी०३०२.

कॉईलबरोबर दुखणं सरकलं! तीनवरच राहिलं असतं तर पुढे प्लग बदलून बघितला असता, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन, आणि तिथे मात्र गॅरेजच गाठावं लागलं असतं.

नवी एकच कॉईल आणली, चार नाही. काका जुनी कॉईल उजेडात फिरवत होते. खालच्या रबरावर केसाएवढी काळी रेघ, तिथून ठिणगी प्लगला न जाता बाजूच्या ओलसर भिंतीला जात होती, म्हणूनच सकाळी थंड इंजिनला त्रास.

"म्हणजे माझी गाडीसुद्धा पावसातच रडते ती..." काका म्हणाले, आणि स्कॅनर मागायला लागले.