काखेत कळसा: विषशास्त्र शिकवायचं कोणी?

अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना 'ज्येष्ठ' हा शब्द तीनदा वापरला. एकदा ठीक आहे. दुसऱ्यांदा माणूस सावध होतो. तिसऱ्यांदा वाटायला लागतं, आता शाल येते की काय! मी अजून विषबाधेच्या सल्ल्याचे रात्रीचे फोन घेते हो. कालही पावणेतीनला एक घेतला, त्यामुळे मधेच एखादं वाक्य हरवलं तर सांभाळून घ्या.

पत्रिकेत विषय छापलाय, 'वैद्यकीय विषशास्त्राच्या प्रशिक्षणातील अध्यापकवर्ग'. नाव मी दिलेलं नाही, पण चार मुद्दे मात्र प्रामाणिकपणे लिहून आणलेत. त्याआधी एक गोष्ट सांगते. माझ्या विद्यार्थ्यांनी ती इतक्यांदा ऐकली आहे की त्यांनी खुशाल मोबाइलमध्ये डोकं घालावं.

मी शिकत होते तेव्हाची. कॅज्युअल्टीत एक पंचविशीचा मुलगा आला. अंगाची आग, चेहरा लालबुंद, बाहुल्या मोठ्या झालेल्या, नाडी १४०. हवेतून काहीतरी चिमटीने वेचत होता आणि वेचलेलं कॉटच्या कडेवर नीट मांडून ठेवत होता. मधेच उठून पळायला बघायचा. चार जण त्याला धरून. काय खाल्लं, कुणाला माहीत नाही. मी हुशार विद्यार्थिनी, लगेच लघवीची ड्रग स्क्रीन पाठवली. म्हणजे पाठवायला सांगितली. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, लघवी होत नाहीये त्याला." मी म्हटलं, "मग थांबून घ्या." थांबून घ्या! आजही हे आठवलं की कान गरम होतात. शेवटी तासाभराने कसेबसे चार थेंब मिळाले, आणि रिपोर्ट आला: ट्रायसायक्लिक अँटिडिप्रेसंट, म्हणजे नैराश्यावरचं एक औषध, पॉझिटिव्ह. मला आनंद झाला. विष सापडलं! त्यावरचा उतारा म्हणून सोडाबायकार्ब काढायला सांगितलं आणि सरांना फोन लावला.

सर आले. रिपोर्टकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पेशंटच्या शर्टात हात घालून काख चाचपली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, तू घाल हात." घातला. काख खडखडीत कोरडी. एवढा धडपडणारा, तापलेला मुलगा, आणि घामाचा टिपूस नाही. उत्तेजक द्रव्य घेतलं असतं तर काख चिंब असती. नाडी, बाहुल्या, ताप, गोंधळ हे दोन्हीकडे सारखंच दिसतं, फरक सांगते ती काख. मग सरांनी ईसीजी मागितला. क्यूआरएस, म्हणजे ठोक्याची टोकदार लाट, अरुंद, बोट ठेवायला जागा नाही. ट्रायसायक्लिक एवढ्या मात्रेत गेलं असतं तर तो रुंदावायला हवा होता. मग त्यांनी ओटीपोटावर बोटं वाजवली. ठक्क. मूत्राशय बेंबीपर्यंत आलेलं. कॅथेटर घातला, ९०० मिली लघवी निघाली, आणि वीस मिनिटांत तो मुलगा, बडबडत का होईना, पण कॉटवर स्वस्थ पडला. चौघांचे हात सुटले. निम्मी धडपड लघवी तुंबल्याची होती.

नंतर त्याच्या खोलीत रिकाम्या पट्ट्या सापडल्या. ॲलर्जीसाठीच्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्या, डायफेनहायड्रामिन. जास्त घेतल्या की घाम आटतो आणि लघवीही अडते. त्या औषधाचा रेणू लघवीच्या चाचणीला फसवतो आणि ट्रायसायक्लिकचा खोटा पॉझिटिव्ह देतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो इतका शब्दशः मी पुन्हा कधी पाहिला नाही.

(हसा, हसा. आमच्या धंद्यात ओळखपरेड काखेतूनच होते.)

पण या गोष्टीत मला शिकवलं कोणी? सगळे म्हणतात, सरांनी. सर स्वतः काय म्हणाले ते सांगते. बाहेर येऊन त्यांनी सिस्टरना विचारलं, "लघवी कधीपासून नाही?" सिस्टर म्हणाल्या, "आल्यापासून सांगतेय." सर मला म्हणाले, "निदान या बाईंनी तासाभरापूर्वी केलं होतं. तू ऐकलं नाहीस." आता तक्रारीकडे येते. प्रशिक्षण कार्यक्रमाची मान्यता घ्यायची वेळ आली की अध्यापकांची यादी मागतात. पदवी, पद, शोधनिबंध किती, व्याख्यानाचे तास किती. एका संस्थेत मी असा तक्ता भरत होते. रात्री फोनवर विद्यार्थ्याला शिकवलेल्या तासांसाठी रकाना कुठे आहे, असं विचारलं. उत्तर मिळालं, "मॅडम, त्याला अध्यापन म्हणत नाहीत, त्याला ड्युटी म्हणतात." मी त्या तक्त्यात आमच्या फार्मासिस्टचं नाव घातलं होतं. ते खोडून परत आलं. सिस्टरचं घालायची तर हिंमतच झाली नाही.

आता इतिहास बघा. १९५३ साली शिकागोत विषबाधेची माहिती देणारं अमेरिकेतलं पहिलं केंद्र उभं राहिलं. त्यामागे लुई गड्लमन नावाचे फार्मासिस्ट होते. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी विचारावं आणि त्यांनी आपल्या कार्डांमधून सांगावं, कशात काय घातलेलं असतं. म्हणजे या शाखेचा एक पायाच मुळी फार्मासिस्टने घातलाय. शाखा म्हणून डॉक्टरांनी ती नंतर नावावर करून घेतली. अमेरिकेत उपशाखा म्हणून मान्यता १९९२ची. बहुतेक जण इमर्जन्सी, बालरोग किंवा प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन करून येतात आणि वर दोन वर्षांची फेलोशिप. तिथेही फेलो जे खरं शिकतो ते फोनच्या शेजारी बसून. पण यादीत नाव कुणाचं, तर वर्गात स्लाइड दाखवणाऱ्याचं.

स्लाइडवरून आठवलं. शिकवणाऱ्यांनी काय काय शिकवलंय ते एकदा बघायला हवं. 'सार्वत्रिक उतारा' माहीत आहे ना, कुठल्याही विषावर चालतो म्हणायचे तो? मिल्क ऑफ मॅग्नेशिया, टॅनिक ॲसिड आणि कोळसा. घरी करायचा तर कोळशाऐवजी जळका पाव आणि टॅनिक ॲसिडऐवजी कडक चहा. कित्येक दशकं हे पाठ करून घेतलं गेलं. जळका पाव म्हणजे ॲक्टिव्हेटेड कोळसा नव्हे, तो विष धरत नाही. टॅनिक ॲसिड तर यकृताला त्रास देतं, आणि खरा कोळसा असला तर त्याच्याच अंगाला चिकटून बसतं, म्हणजे विषासाठी जागा उरत नाही. उलटी करवणारं इपेकॅक घरोघरी ठेवा म्हणून शिकवलं, आणि २००३ साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच सांगितलं, ठेवू नका. स्टमक वॉशचं तर विचारूच नका. १९९७ साली अमेरिकी आणि युरोपीय विषतज्ज्ञांनी एकत्र येऊन लिहिलं की तो सरसकट करू नये. पण नळी दिसली की हात शिवशिवतातच. नातेवाइकांनाही वाटतं, बादलीभर पाणी गेलं म्हणजे उपचार झाले.

माझ्या हातूनही झालंय. मी किमान तीन बॅचना शिकवलं की कीटकनाशकाच्या पेशंटची नाडी १२०च्या वर गेली की ॲट्रोपिन, म्हणजे स्राव आटवणारा उतारा, थांबवायचं. चूक. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकात फुफ्फुसं कोरडी होणं हे लक्ष्य. छातीत पाणी वाजतंय तोवर दर पाच मिनिटांनी आधीच्या दुप्पट डोस. नाडी जोरात आहे म्हणून हात आखडता घेतला तर पेशंट स्वतःच्याच स्रावात बुडतो. त्या बॅचचे दोघेतिघे या सभागृहात दिसतायत. तुम्हाला मी फोन करून दुरुस्ती सांगितली होती, आठवतंय ना? एकाने तेव्हा विचारलं, "मॅडम, परीक्षा झाली, आता कशाला?"

चिठ्ठी आली आहे. 'सात मिनिटे.' अरे, मुद्दे चार आहेत आणि अजून पहिल्याचं नावही घेतलं नाही. घाई करते.

पहिला मुद्दा, यादीत कोण. विषशास्त्राच्या अध्यापकवर्गात डॉक्टरखेरीज किमान तिघे हवेत. फार्मासिस्ट, प्रयोगशाळेत चाचणी स्वतः हाताळणारा माणूस, आणि कॅज्युअल्टीची अनुभवी सिस्टर. पाहुणे म्हणून नकोत, गुण देणारे म्हणून हवेत. प्रयोगशाळेचा माणूस का, तर चाचणी काय पकडते आणि काय सोडते हे त्यालाच माहीत असतं. ओपिएटची, म्हणजे अफूजन्य द्रव्यांची, नेहमीची लघवी चाचणी कृत्रिम फेंटॅनिल पकडत नाही. हे वाक्य मी पुस्तकात वाचलं आणि विसरले. लॅबच्या माणसाने माझ्यासमोर पट्टी बुडवून दाखवली, ते विसरले नाही.

दुसरा, फोन. फोनवर शिकवणं ही वेगळी विद्या आहे, आणि ती शिकवणाऱ्यालाही शिकावी लागते. समोरचा घाबरलेला असतो, त्याला 'काय देऊ' हवं असतं. तुम्ही विचारायचं असतं, किती वाजता घेतलं. पॅरासिटामॉल घ्या. रक्तातली पातळी आणि गेलेला वेळ बघून उतारा द्यायचा का ते सांगणारा १९७५चा रुमॅक-मॅथ्यू आलेख सगळ्यांना पाठ आहे, नंतर खाली आणलेली उपचाराची रेषा चार तासांना १५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर. पण चार तासांच्या आत काढलेल्या रक्ताचा त्या रेषेशी काही संबंध नाही. वेळ माहीत नसेल, किंवा गोळ्या दिवसभर थोड्याथोड्या घेतल्या असतील, तर आलेख घडी घालून खिशात ठेवायचा. आठ तासांच्या आत ॲसिटिलसिस्टीन हा उतारा सुरू झाला तर यकृत जवळजवळ नक्की वाचतं, म्हणजे वेळ विचारणं हा उपचाराचा भाग झाला. हे फोनवर, पावणेतीनला, न ओरडता समजावता आलं पाहिजे. अध्यापक निवडताना मुलाखत फोनवरच घ्यावी, तीही रात्री. मी गंमत करत नाहीये.

तिसरा मुद्दा, प्रत्येक अध्यापकाने वर्षातून एकदा विद्यार्थ्यांसमोर उभं राहून आपण चुकीचं काय शिकवलं ते सांगायचं. तो मघाशी ॲट्रोपिनमध्ये येऊन गेला, सोडून देते. फक्त एवढंच, ज्याची चुकांची यादी कोरी असेल त्याला मी अध्यापक नेमणार नाही.

चौथा... अध्यक्ष उभे राहिलेत. एक मिनिट. चौथा परीक्षेचा. प्रश्नपत्रिकेत एक तरी केस अशी हवी की जिचं योग्य उत्तर आहे, 'काहीही देऊ नका, मॉनिटरवर ठेवा, सहा तास बघा.' असा प्रश्न मी एका परीक्षा मंडळाकडे तीनदा पाठवला. तिन्ही वेळा 'आदर्श उत्तर अपूर्ण' असा शेरा मारून परत आला. यंदा चौथ्यांदा पाठवलाय. आदर्श उत्तरात एक ओळ वाढवली आहे: 'आणि काख तपासा.'