भावानं जायचं असतं

नमस्कार श्रोतेहो. उद्या भाऊबीज, कार्तिक शुद्ध द्वितीया. यमाला यमुनेनं घरी जेवायला बोलावलं, ही गोष्ट तुम्हाला सांगायला नको. पण गेलं कोण? यम गेला. भावानं बहिणीच्या घरी जायचं, म्हणून तर हिला यमद्वितीया म्हणतात. आज आपल्या स्टँडवर बघा, कडेवर पोर आणि हातात फराळाची पिशवी घेऊन बहिणीच निघालेल्या असतात. 2023 पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं, फार चांगलं झालं. म्हणून भावांनी घरात बसून वाट बघायची का?

माझा मामा आपल्या कोल्हापुरातल्या गंगावेशीतला गवळी. माझी आई दिलेली वडणग्याला. मधे फक्त पंचगंगा, पण दोन वेळच्या धारा सोडून मामाला हलता येत नसे. एका वर्षी घरात धार काढणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि लाडकी म्हैस तर अशी की परका हात लागला की पान्हा चोरायची. आईनं धरलंच होतं, यंदा दादा येत नाही.

दुपार कलली आणि शिवाजी पुलाकडनं मामा येताना दिसला, मागं म्हैस! आदल्या दिवशी पाडव्याच्या मिरवणुकीत ती मिरवलेली. रंगवलेली शिंगं तशीच, शिंगांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, पायात चाळ. गल्लीतली सगळी पोरं मागं.

आई दारात आली. मामा म्हणाला, "हिला कुणाच्या हवाली करू? घेऊनच आलो."

आई म्हणाली, "बरं केलंस दादा. थांब, तिला बी ओवाळतो."

पाटावर बसवून आधी मामाला ओवाळलं. मग तेच ताट घेऊन अंगणात गेली, म्हशीच्या कपाळाला कुंकू लावलं, करंजी भरवली. संध्याकाळी मामानं तिथंच धार काढली. गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या पेल्यात धारोष्ण दूध, वर बोटभर फेस. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर, जिथं समोर म्हशीची धार काढून दूध देतात, तिथली गिऱ्हाइकं त्या दिवशी तशीच परतली असणार, पण मामानं त्याची फिकीर केली नाही.

पिशवीतल्या दुधाला तो फेस कुठला! आपल्या शहरातले हे दूधकट्टे टिकले पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. आणि ओवाळणीचंही सांगतो, मोबाइलवरनं पैसे पाठवू नका. दहाची नोट असली तरी ताटात हातानं ठेवा.

तर बंधूंनो, उद्या तुम्ही जा. पुन्हा सांगतो, तुम्ही जा. धंदा असेल, जनावरं असतील, त्यातनं वाट काढा. तिच्या घरी जेवा, तिचं घर कसं चाललंय ते डोळ्यांनी बघा.

आणि ज्या बहिणींना भाऊ नाही, त्या चंद्राला ओवाळतील. बीजेची कोर पश्चिमेला अगदी खाली असते, दिवस मावळल्यावर लवकरच बुडते. तेव्हा निरांजन, अक्षता आधीच तयार ठेवा आणि वेळेत गच्चीवर जा. नमस्कार.