एक दांडगं कार्ड की दोन मध्यम?

मंडळी, 'एवढ्या पैशात एक मोठं ग्राफिक्स कार्ड येतं, नाहीतर दोन मधली, काय घेऊ?' हा प्रश्न लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर वीस वर्षांपूर्वीही ऐकू यायचा, आजही येतो. माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: तुमचं काम वाटून घेता येण्यासारखं आहे का?

१९९८ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचं वूडू-२ आलं. दोन कार्डं जोडायची; एकानं पडद्यावरच्या सम ओळी रंगवायच्या, दुसऱ्यानं विषम. वाटणी इतकी सरळ की भांडणाला जागाच नाही. पुढे ती कंपनी बुडाली, तिची मालमत्ता एनव्हिडियानं घेतली आणि २००४ मध्ये दोन कार्डं जोडण्याच्या सोयीचं एसएलआय हे जुनं नाव पुन्हा बाजारात आणलं. पाठोपाठ एटीआय या प्रतिस्पर्धी कंपनीची तशीच सोय, क्रॉसफायर, आली. पण तोवर अख्ख्या पडद्यावर एकदम चालणारे इफेक्ट आले होते, ओळी वाटून भागेना. मग बहुतेक गेममध्ये फ्रेमच, म्हणजे पडद्यावरची एकेक पूर्ण चित्रंच, वाटून घेतल्या: पहिली याची, दुसरी त्याची.

इथे जरा थांबतो, कारण फसगत इथेच होते. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला सरासरी साडेसोळा मिलिसेकंद. आता समजा एक फ्रेम ५ मिलिसेकंदांत आली, पुढची २८ मध्ये, परत ५, परत २८. सरासरी तीच. कोपऱ्यातला आकडा खुशाल ६० दाखवतो. डोळ्याला मात्र जवळजवळ आलेल्या दोन फ्रेम एकच वाटतात आणि खेळ तिशीत चालल्यासारखा अडखळतो. यालाच मायक्रोस्टटर म्हणायचे. पैसे दोन कार्डांचे, मजा एकाची! मेमरीचंही तेच. तेच टेक्स्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं) दोन्हीकडे भरावं लागे, त्यामुळे ४ जीबीची दोन कार्डं लावली तरी वापरायला चारच.

त्यात प्रत्येक गेमसाठी ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, काम कसं वाटायचं याचं वेगळं प्रोफाइल लागायचं. विंडोजमधल्या डायरेक्टएक्स १२ या गेमसाठीच्या सॉफ्टवेअरनं ही जबाबदारी गेम बनवणाऱ्यांवर ढकलली. मूठभर हौशी लोकांसाठी ते कशाला राबतील? २०२१च्या जानेवारीपासून एनव्हिडियानं नवी प्रोफाइलं देणं थांबवलं. त्यांच्या ४०९० या दांडग्या कार्डावर तर दोन कार्डं जोडणाऱ्या पट्टीची जागाच नाही. गेमसाठी आज कोणी तुम्हाला दोन कार्डं सुचवत असेल, तर त्याच्याकडे जुना माल पडून असावा.

मग विषय पुन्हा निघाला कशामुळे? घरच्या मशीनवर भाषा मॉडेल चालवणाऱ्यांमुळे. इथे खेळ वेगळा आहे. मॉडेलमध्ये एकामागून एक चालणारे हिशेबाचे थर असतात. अर्धे थर एका कार्डावर, अर्धे दुसऱ्यावर ठेवता येतात. म्हणजे मेमरीची खरोखर बेरीज होते. वेगाची होत नाही, हे मात्र दुकानात कोणी सांगत नाही.

हिशेब करून बघू. २० जीबीचं मॉडेल आहे. एक टोकन, म्हणजे उत्तरातला शब्दाएवढा तुकडा, काढायला साधारण ते सगळंच्या सगळं मेमरीतून वाचावं लागतं. एनव्हिडियाच्या ३०९० कार्डाची मेमरी २४ जीबी, वाचण्याचा वेग सेकंदाला ९३६ जीबी. म्हणजे टोकनला २१ मिलिसेकंद. आता १६ जीबीची दोन ४०६० टीआय घ्या. प्रत्येकाचा वेग २८८. पहिलं आपले १० जीबी वाचतं तेव्हा दुसरं हात बांधून बसतं, मग दुसऱ्याची पाळी. एकूण ६९ मिलिसेकंद. प्रत्यक्षात दोन्हीकडे याहून थोडा जास्तच वेळ लागतो, पण तिपटीचा फरक कुठे जात नाही. विजेचंही फारसं वाचत नाही: तिकडे ३५० वॉट, इकडे १६५ अधिक १६५.

मग दोन कार्डं वेडेपणाच का? नाही. ७० अब्ज पॅरामीटरचं (आतल्या आकड्यांचं) मॉडेल, प्रत्येक आकडा चार बिटांत दाबला तरी, ४० जीबीच्या घरात जातं. ते एका ३०९० वर मावतच नाही, आणि उरलेला भाग साध्या रॅमवर टाकला की वेग पार रसातळाला जातो. तिथे दोन ३०९० हवीतच. प्रत्येक थर मधोमध चिरून दोन्ही कार्डांना एकाच वेळी जुंपण्याचीही पद्धत आहे, पण त्यात थरागणिक दोघांना एकमेकांशी बोलावं लागतं, आणि मधली वाट अरुंद असली की फायदा तिथेच गळतो.

थ्रीडी चित्रं बनवणाऱ्या ब्लेंडरवाल्यांचं सोपं आहे. त्यातल्या सायकल्स या चित्र रंगवणाऱ्या भागाला दोन कार्डं दिली की रेंडरचा वेळ जवळपास निम्म्यावर येतो; फक्त सीन दोघांच्या मेमरीत पूर्ण मावला पाहिजे.

माझं मत विचाराल तर जे मॉडेल रोज वापरणार ते मावेल असं एकच दांडगं कार्ड घ्या, आणि मावत नाही अशी वेळ आली तरच जोड द्या. त्याआधी मदरबोर्डचं मॅन्युअल उघडा. दुसरा स्लॉट दिसायला लांबलचक असतो, पण पुष्कळ बोर्डांवर आत माहिती ये-जा करायच्या चारच वाटा (लेन) जोडलेल्या असतात. जाड कार्डं एकमेकांना चिकटून बसली तर वरच्याच्या पंख्यांना हवाच मिळत नाही. मध्ये एखादा स्लॉट मोकळा राहतो का ते पट्टीनं मोजा. आणि दोन ३०९० चालवायची तर एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) १२०० वॉटच्या खाली घेऊ नका.