बचावाचे कागद

टेबलावर सुटलेला हा गठ्ठा पॉक्सोच्या, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, एका खटल्याचे दोषारोपपत्र आहे. छायाप्रतीवरून पुन्हा छायाप्रत काढल्यामुळे घटनास्थळ पंचनाम्याच्या शेवटच्या ओळी पुसट झाल्या आहेत आणि आरोपींना मोफत वकील पुरवणाऱ्या लोकअभिरक्षक कार्यालयातील महिला वकील ते पान खिडकीच्या उजेडात धरून वाचत आहेत. पानांवर शिसपेन्सिलीने नव्याने क्रमांक पडतात, जबाबांच्या तारखा समासात उतरतात, फिर्याद नोंदवल्याची वेळ आणि वैद्यकीय तपासणीची वेळ शेजारी शेजारी मांडली जाते. ज्याच्यासाठी हे चालले आहे तो कारागृहात आहे. त्याची कमाई किती, हे येथे कोणी विचारत नाही, कारण 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

अशा आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये, असे ठराव वकील संघांनी वेळोवेळी केले आहेत. असे ठराव राज्यघटनेच्या आणि वकिली व्यवसायाच्या नीतीच्या विरोधात असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केले. तरीही ठराव थांबले नाहीत.

वकील मिळाला, पण वेळ मिळाला नाही, तर काय होते याचे उदाहरण मध्य प्रदेशातील खांडव्याचे आहे. बालिकेवरील अत्याचार आणि खुनाच्या या खटल्यात 2013 मध्ये ज्या दिवशी आरोपीसाठी वकील नेमला गेला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि पंधरवड्याच्या आत फाशीची शिक्षाही झाली. डिसेंबर 2019 मध्ये ती रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल अशा खटल्यात नेमलेल्या वकिलाला किमान 10 वर्षांचा अनुभव असावा आणि तयारीसाठी त्याला साधारणपणे किमान 7 दिवस मिळावेत. त्या आरोपीची निर्दोष सुटका 2024 मध्ये झाली.

पडद्यावर दिसणारी ही पेरूची बाग नाशिक परिसरातील आहे. अशाच एका बागेतील झोपडीवर जून 2003 मध्ये दरोडा पडला, पाच जणांचा खून झाला आणि बलात्कारही झाला. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदाराने दोनच दिवसांत पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून चौघांना ओळखले होते. त्या चौघांच्या दिशेने तपास मात्र पुढे सरकलाच नाही, आणि भटक्या जमातीतील सहा जण ओळख परेडीच्या आधारे आरोपी झाले. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सहाही जणांना फाशी ठोठावली, आणि त्याच न्यायालयाने 5 मार्च 2019 रोजी नेमक्या त्या छायाचित्रांवर बोट ठेवून सर्वांना निर्दोष सोडले व प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य शासनाला दिला. सुमारे 16 वर्षे सरली होती. खरे गुन्हेगार मोकळेच राहिले.

आता पुन्हा न्यायालयाच्या आवारात. पॉक्सो कायद्याच्या कलम 29 मुळे फिर्यादी पक्षाने पायाभूत बाबी सिद्ध केल्यावर आरोपीने गुन्हा केला आहे असे गृहीतक लागू होते आणि ते खोडून काढण्याचा भार त्याच्यावर येतो. उलटतपासणीत बालकाला थेट प्रश्न विचारता येत नाहीत. वकिलाने प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचा आणि न्यायाधीशांनी तो बालकाला विचारायचा, अशी कलम 33 ची रीत आहे. वकिलांच्या कक्षात याविषयी कुरकुर ऐकू येते, परंतु चांगल्या बचावाचे यात काही अडत नाही. फिर्यादी स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून खटले जिंकण्याचे दिवस याच महाराष्ट्राने पाहिले आहेत: देसाईगंज पोलीस ठाण्यातील 1972 च्या मथुरा बलात्कार प्रकरणाच्या खटल्यात सत्र न्यायालयाने मुलीच्या पूर्वायुष्याचा आधार घेतला होता, आणि पुढे त्याविरुद्ध उठलेल्या आवाजातूनच बलात्काराविषयीच्या कायद्यात 1983 ची दुरुस्ती झाली. ती वाट आज बंद आहे, आणि तारखा, अंतरे, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, जबाबातील फरक एवढेच बचावाच्या हाती उरते. खरे तर बचाव तेथेच असायला हवा होता.

सायंकाळचे साडेसहा. उद्या बालकाची साक्ष आहे. वकिलांनी प्रश्नांचा कागद तयार केला आहे. त्यात बारा प्रश्न आहेत. नववा प्रश्न मुलीच्या मैत्रिणींविषयी आहे. तो त्या दोनदा वाचतात, त्यावर आडवी रेघ मारतात आणि दहाव्याचा नववा करतात.